तपकिरी पिल्लांची किंमत: आमची वाटचाल

डोंबिवलीतील राहत्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही डिस्कसची पैदास सुरू केली, तेव्हा या धंद्यातील जाणकारांचे ठाम मत होते की ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा इथे जगेल, पण पिल्ले काही काढणार नाही. आम्ही नळाच्या पाण्यात आरओचे पाणी मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शंभराच्या खाली आणला, सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या दरम्यान आणि तापमान २९ अंशांवर स्थिर ठेवले; कारण पाणी जड असले की मादी अंडी घालते, पण ती फलित न होता पांढरी पडतात. अंड्यांसाठीचा शंकू धारावीच्या कुंभारवाड्यातून, बिनझिलईचा आणि वीतभराहून थोडा उंच, असा मुद्दाम घडवून घेतला. नर आणि मादी दोघेही त्याचा पृष्ठभाग तोंडाने घासून स्वच्छ करतात, समोरासमोर येऊन अंग थरथरवतात, आणि मग मादी खालून वर सरकत अंड्यांची ओळ लावत जाते. तो शंकू आजही आमच्या वापरात आहे.

घडी बसत असतानाच आमच्याच भागातील एका व्यापाऱ्याने बाहेरून मागवलेली दोन इंची, लालनिळ्या रंगाने झळकणारी पिल्ले आमच्यापेक्षा कमी दरात विकायला काढली. त्या वयात टर्क्वाइज जातीचे पिल्लू तपकिरीच असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. तो रंग हार्मोनचा होता. गिऱ्हाइके आमच्या टाक्यांसमोर उभी राहून, ‘तुमचा माल फिका आहे,’ असे तोंडावर सांगून जात. हीटरचे वीजबिल मात्र थांबत नव्हते, आणि अखेर निम्म्या टाक्या स्टँडसकट विकाव्या लागल्या. हार्मोन बंद झाले की तो रंग काही महिन्यांत उतरतो आणि अशा माशांची प्रजननक्षमताही अनेकदा बिघडलेली असते, हे आम्ही ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांनी त्यात आमचा मत्सरच पाहिला.

अपवाद एकच, कल्याणचे एक निवृत्त मोटरमन, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी आमची सहा तपकिरी पिल्ले नेली आणि वर्षभराने त्यांतल्या दोघांनी आपणहून जोडी जमवली. पहिली अंडी जोडीनेच खाल्ली, तेव्हा काका अंडी वेगळी काढून मिथिलिन ब्लू या बुरशीरोधक निळ्या औषधाच्या पाण्यात ठेवायला निघाले होते. आम्ही त्याऐवजी शंकूभोवती जाळी लावायला आणि रात्री मंद दिवा चालू ठेवायला सांगितले. पुढच्या खेपेस सुमारे साठ तासांत अंडी फुटली, आणि आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्ले पोहू लागून आईबापांच्या अंगावरचा स्राव टिपू लागली. काकांनी त्या व्यापाऱ्याच्या कित्येक गिऱ्हाइकांना घरी बोलावून ती टाकी दाखवली, आणि आमच्याकडे फोन पुन्हा येऊ लागले.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. नवख्यांना मात्र सांगावेसे वाटते की तयार जोडीच्या मागे लागू नये, सहा-आठ पिल्ले एकत्र वाढवावीत. एक-दोनदा अंडी खाल्ली म्हणून जोडी मोडू नये. आणि पिल्ले अंगाला चिकटू लागली की टाकीतले पाणी थोडे कमी करावे, म्हणजे ती भरकटत नाहीत. चार-पाच दिवसांनी अंड्यातून नुकताच फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) द्यावा, त्याआधी नाही.

तो व्यापारी हल्ली दुकानात ‘घरगुती पैदास’ अशी पाटी लावतो आणि दलालामार्फत आमच्याच जोड्या मागतो. आम्ही त्याला एक रुपयाही सूट देत नाही.