पन्नास शिरा आणि १ जून

आपल्याकडे लॅबचा माणूस सकाळी उपाशीपोटी रक्त न्यायला घरी येतो. त्याच कामाला इथे फ्लेबॉटॉमी म्हणतात आणि कॅलिफोर्नियात ते करण्यासाठी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेत अशी सक्ती करणारी राज्ये मोजकीच आहेत. १९९९ मध्ये पालो आल्टो येथे रक्त काढणाऱ्या एका कर्मचाऱ्याने वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याचे उघडकीस आले आणि त्यानंतर इथले नियम कडक झाले. माझ्यासारख्या अननुभवी उमेदवाराला ४० तासांचे वर्ग, ४० तासांचे प्रत्यक्ष काम, शिरेतून ५० आणि बोटाच्या टोकातून १० वेळा यशस्वीपणे रक्त काढल्याची नोंद, आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, एवढे सारे पूर्ण करावे लागते. नाशिकला बी.एस्सी. करताना प्रयोगशाळेत वावरले असल्याने मला हे आरंभी जास्त वाटले होते. आता वाटते की पन्नासचा आकडा कमीच आहे.

पहिल्या दिवशी आमच्या शिक्षिकेने सुईला हातही लावू दिला नाही. एकमेकींच्या कोपराच्या खळगीत, डोळे मिटून, तर्जनीने शीर शोधायची, एवढेच काम होते. शीर दाबली की दबते आणि बोट उचलताच पुन्हा वर येते. स्नायूचा कंडरा दोरीसारखा कडक लागतो. धमनी ठोके देते. खळगीतली मधली शीर पहिल्या पसंतीची, त्यानंतर अंगठ्याच्या बाजूची, आणि करंगळीच्या बाजूची अगदी नाइलाज झाला तरच, कारण तिच्या जवळूनच मोठी धमनी आणि मज्जातंतू जातात. निळी रेघ पाहून सुई टोचायला शिकलेला माणूस आपल्या सावळ्या हातांपुढे अडतो. माझ्या आईचे हात 'शीर सापडत नाही' या वाक्यासह कितीदा काळेनिळे झालेले मी पाहिले आहेत, म्हणून हा पहिला दिवस मला फार मोलाचा वाटतो.

'मूठ उघडबंद करा' हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. इथे ते सांगायला मनाई आहे, कारण दंडाला पट्टा आवळलेला असताना मूठ वारंवार उघडझाप केली की स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरते आणि अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते. पट्टाही एका मिनिटाहून अधिक ठेवायचा नाही. नळ्यांचा क्रमदेखील अशाच कारणांनी ठरलेला आहे: फिकट निळ्या झाकणाची नळी आधी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी करडी. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. क्रम चुकून त्याचा अंश सुईवाटे पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, आणि निरोगी माणसावर नको ते उपचार होऊ शकतात. फिकट निळी नळी अपुरी भरली तर नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (तिच्यातले रक्त गोठू न देणारे द्रव्य) हे प्रमाण बिघडते आणि रक्त गोठण्याची चाचणीच निरुपयोगी ठरते.

प्रत्यक्ष कामाच्या पहिल्या आठवड्यात एका वृद्ध गृहस्थांची शीर माझ्या सुईखालून सरकली. वयाबरोबर भोवतालच्या ऊती सैल होतात आणि शीर घरंगळते, म्हणून टोचण्याच्या जागेखाली अंगठ्याने त्वचा ताणून धरावी लागते. मी ती पुरेशी ताणली नव्हती. एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक वेळा टोचायचे नाही हा नियम असल्याने, दुसऱ्या प्रयत्नाची संधी मी न घेता शिक्षिकेला दिली.

सुईपेक्षाही कसोटीची गोष्ट म्हणजे ओळख पटवणे. 'आपण अमुक ना?' असे विचारायचे नाही, कारण घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही होकार देतो. नाव आणि जन्मतारीख त्याने स्वतः सांगायची, ती कागदाशी जुळवायची, आणि रक्त काढल्यानंतर लेबल त्याच्यासमोरच लावायचे. एके दिवशी मुलाकडे राहायला आलेले एक मराठी आजी-आजोबा तपासणीसाठी आले. आडनाव एक, नावाचे पहिले अक्षर एक, आणि जन्मतारीख दोघांचीही १ जून. नोंदणीच्या खिडकीवर चूक समजून कागद परत आले. शिक्षिकेच्या परवानगीने मी आजींना मराठीत जन्मतारीख विचारली, तर त्या म्हणाल्या, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाले मी, बाळा." शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने, नाव घालताना गुरुजी वयाचा हिशेब जुळवून १ जून ही तारीख लिहीत आणि तीच पुढे पासपोर्टपर्यंत येते, हे मी शिक्षिकेला समजावून सांगितले. दोघांचे पासपोर्ट पाहून पूर्ण नावे, वडिलांच्या आणि पतीच्या नावासह, एकेक अक्षर ताडून घेतली. आजोबांना बाहेर बसायची विनंती केली, आजींच्या तिन्ही नळ्यांवर त्यांच्या देखत लेबले लावली, पिशवी बंद केली, आणि मगच आजोबांना आत बोलावले. माझ्या पन्नासांच्या नोंदवहीत ते दोघे ३१ आणि ३२ या क्रमांकांवर आहेत.