नवं डोमेन घेतलं, मग ४८ तास कशाला?

नवं डोमेन घेतलं की कोणीतरी सांगतंच, "थांब जरा, जगभर पसरायला २४ ते ४८ तास लागतात." अहो पण पसरत बिसरत काही नाही!

पूर्वी खरंच पसरायचं. अर्पानेटच्या (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकन नेटवर्क) काळात सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये, ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत, आणि ज्याला नवीन यादी हवी त्याने ती तिथून उतरवून घ्यायची. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या संगणकतज्ज्ञाने डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधायची पद्धत, मांडलं आणि मामला उलटा झाला, आता यादी कोणी वाटत नाही, ज्याला गरज तो विचारतो.

म्हणजे तुम्ही डॉट कॉम घेतलं की रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) ते व्हेरिसाइनला, म्हणजे डॉट कॉमची यादी सांभाळणाऱ्या कंपनीला कळवतो (डॉट इन असेल तर निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीला), आणि व्हेरिसाइन जे २००४ पर्यंत दिवसातून दोनदाच यादी अपडेट करायचं ते आता काही मिनिटांत करतं. मग कोणी तुमचं नाव टाइप केलं की त्याच्या इंटरनेटवाल्याचा रिझॉल्व्हर (पत्ता शोधून देणारा सर्व्हर) रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरला विचारतो, रूट म्हणतो कॉमवाल्यांकडे जा, ते म्हणतात अमुक नेमसर्व्हरकडे (तुमच्या डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरकडे) जा, आणि तो आयपी, म्हणजे साइटच्या मशीनचा आकडी पत्ता देतो. पेठेत पत्ता विचारत गेल्यासारखंच, फक्त इथे कोणी टोमणा मारत नाही.

मग उशीर कुठे होतो? तर रिझॉल्व्हर मिळालेलं उत्तर टीटीएल, म्हणजे त्या उत्तरावर लिहिलेली मुदत, संपेपर्यंत लक्षात ठेवतो. नव्या डोमेनचं जुनं उत्तरच नसतं, त्यामुळे ते लगेच दिसायला हवं. पण "असं नाव नाही" हेही तो लक्षात ठेवतो बरं का, म्हणून रजिस्टर व्हायच्या आधीच उतावळेपणाने ब्राउझरमध्ये टाकून बघू नका, कॉमच्या बाबतीत पंधराएक मिनिटं उगाच जातात.

ते ४८ तास जुन्या डोमेनचे नेमसर्व्हर बदलताना लागू होतात, कारण कॉमकडच्या त्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस. तेव्हा जुने नेमसर्व्हर लगेच बंद करू नका, त्यांच्यावरही नवाच आयपी टाकून ठेवा. नेमसर्व्हर तेच ठेवून नुसतं होस्टिंग (साइट ज्या मशीनवर आहे ती जागा) बदलताय तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० सेकंद करून ठेवा, काम झालं की परत वाढवा.

आणि कोरं डोमेन दोन तासांनीही उघडत नसेल तर वाट बघत बसू नका, नेमसर्व्हरचं स्पेलिंग तपासा. चालू होतं आणि पंधरा दिवसांनी अचानक गायब झालं तर मेलचा स्पॅम फोल्डर उघडा, रजिस्ट्रारची ईमेल व्हेरिफिकेशनची लिंक बहुतेक तिथेच न उघडता पडलेली असेल, आणि म्हणूनच डोमेन बंद झालं असेल.