आमची वाटचाल : एसएमपीएसपासून यादी सुरू करणारे दुकान

सांगलीत १९९९ साली आम्ही हे दुकान सुरू केले, तेव्हा ज्याला कंपनीचा तयार संगणक परवडे तो पुण्याला जाऊन घेई आणि ज्याला परवडत नसे तो आमच्याकडे येई. त्याचे आम्हाला कधी वाईट वाटले नाही, कारण ग्राहकाच्या खिशात जेवढे पैसे आहेत तेवढ्यांत जास्तीत जास्त वर्षे चालणारे यंत्र सुट्या भागांची यादी करून उभे करणे हाच आमचा व्यवसाय होता आणि आजही आहे. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारातून येई. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि दुकाने उघडेपर्यंत स्टेशनबाहेर चहा, असा क्रम ठरलेला असे. परतताना प्रोसेसर आणि रॅम अंगावरच्या पिशवीत, बोर्ड (म्हणजे सारे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) हातात आणि मॉनिटर ट्रान्सपोर्टने. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर त्या काळातला आमचा हुकमी माल होता. तो ३०० मेगाहर्ट्‌झच्या भावाने घ्यायचा, ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर बसवून बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीचा, वेग ६६ वरून १०० वर न्यायचा, की बहुतेक नग ४५० मेगाहर्ट्‌झवर बिनतक्रार चालत. दुप्पट पैसे मोजून पेंटियम घेतलेली मंडळी आमच्या ग्राहकांकडे पाहून चरफडत, हे लिहिताना आजही बरे वाटते.

माझे पहिले भागीदार अण्णा मूळचे टीव्ही दुरुस्त करणारे. त्यांना विंडोजमधले फारसे कळत नसे आणि ते कळून घेण्याची त्यांची इच्छाही नव्हती, परंतु वीज कोठून येते आणि कोठे जाते हे त्यांच्याइतके नेमके सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. नवे कॅबिनेट आले की त्याच्याबरोबर आलेला एसएमपीएस, म्हणजे घरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या विजेत बदलणारा डबा, ते आधी खोलून बाहेर काढत, तळहातावर तोलून पाहत आणि मगच टेबलावर घेत. हिरवी तार काळ्या तारेला जोडून तो चालू करायचा, पिवळ्या तारेवर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब लावायचा आणि मल्टिमीटर धरून बसायचे. बल्ब पेटल्यावर काटा ११.४ च्या खाली उतरला, की तो नग परतीच्या खोक्यात जाई, मग त्याच्यावर ४५० वॅट छापलेले असो की ५००. लेबलावरचा मोठा आकडा कोणीही छापतो. त्याच लेबलावर बारीक अक्षरांत १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे, असे अण्णा प्रत्येकाला सांगत. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट झाले, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून यावरच जगायचे असते.

२००२ नंतर गावोगावी एमएस-सीआयटीचे वर्ग आणि सायबर कॅफे उघडले आणि आम्हाला एकरकमी मोठ्या ऑर्डरी मिळू लागल्या. त्यांच्यासाठी लागणारे बोर्ड आम्ही पुण्याच्या एका वितरकाकडून उचलले. नामांकित माल, ३ वर्षांची वॉरंटी, पक्के बिल. वर्ष-सव्वा वर्ष सारे सुरळीत होते. मग तक्रारी येऊ लागल्या, आणि त्या सगळ्या एकाच वळणाच्या होत्या: सकाळी यंत्र चालते, दुपारी गोठते, मग आपोआप पुन्हा सुरू होते. पहिले काही आठवडे विंडोज पुन्हा टाकण्यात, रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने पुसण्यात आणि पोस्ट कार्डावरचे (यंत्र सुरू होताना बिघाड कोठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीच्या कार्डावरचे) दोन अक्षरी कोड वहीत उतरवण्यात गेले. शेवटी अण्णांनी एक बोर्ड बॅटरीच्या उजेडात डोळ्यांपाशी धरला. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या कपॅसिटरांची, म्हणजे वीज क्षणभर साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी, जी सपाट असायला हवीत, ती भाजताना फुगलेल्या भाकरीसारखी वर आली होती आणि त्यांतल्या दोनांच्या डोक्यांवरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर येऊन वाळला होता. ‘कंडेन्सर गेले,’ एवढेच ते म्हणाले; कपॅसिटरला ते कंडेन्सरच म्हणत. पुढे समजले की हा रोग जगभर होता. काही कारखान्यांनी कपॅसिटरमध्ये भरलेला इलेक्ट्रोलाइट (आतला द्रव) सदोष होता, त्यातून हायड्रोजन वायू तयार होई आणि आतल्या दाबाने कपॅसिटर फुगत.

वितरकाने मात्र आम्ही वॉरंटीत पाठवलेल्या पहिल्याच खोक्यातले बोर्ड परत पाठवले आणि त्यांवर ‘बर्न, वॉरंटी बाद’ असे शिक्के मारले. जळण्याची एकही खूण नसलेल्या बोर्डला जळालेला कसे म्हणता येते, या प्रश्नाचे उत्तर मला आजपर्यंत मिळालेले नाही, आणि तो वितरक अजूनही दिवाळीला न चुकता शुभेच्छा पाठवतो. इकडे वर्गचालकांच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी आम्हीच कंपनी होतो. शंभराच्या वर बोर्ड अडकले होते. पतसंस्थेचे कर्ज काढून निम्मे बोर्ड नवे घेतले, आणि उरलेल्यांवर अण्णा बसले. टीव्हीत लागणारे साधे कपॅसिटर येथे चालत नाहीत. १०५ अंशांपर्यंत तापमान सोसणारे, कमी ईएसआरचे (म्हणजे आतला रोध कमी असलेले), जपानी बनावटीचे लागतात आणि ते मुंबईहून मोजून आणावे लागत. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने बोर्डचे टाके सुटत नाहीत, कारण आतला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो. त्यासाठी ६० वॅटचे आयर्न घ्यायचे, जुन्या टाक्यावर आधी थोडे नवे सोल्डर द्यायचे, मग पंपाने ओढायचे आणि भोक साफ झाल्यावर ऋण बाजूची पट्टी दोनदा पाहून नवा कपॅसिटर बसवायचा, कारण काही कंपन्यांच्या बोर्डवर त्या बाजूची खूण चक्क उलटी छापलेली असे. त्यातच २००५ चा महापूर आला आणि बाजारपेठ ठप्प झाली. दुकान विकावे असे घरचे उघड म्हणू लागले होते.

त्या दिवसांत दुकान तगले ते अण्णांच्या हातामुळे आणि गावभागातल्या एका छापखान्याच्या मालकांमुळे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. लग्नपत्रिका, हँडबिले, पावती-पुस्तके हा त्यांचा व्यवसाय. पेजमेकरमध्ये मजकूर लावायचा, बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि त्यावरून ऑफसेटची प्लेट करायची. त्यांचे श्रीलिपीचे लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर चालत नसे ती चावी, संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लागत असे, आणि ते लॉक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यामुळे त्यांच्यासाठी यंत्र निवडताना आम्ही प्रोसेसरच्या आधी बोर्डची मागची बाजू पाहत होतो. बाजारातून तो पोर्ट नाहीसा होऊ लागला तेव्हा पॅरलल पोर्ट असलेले बोर्ड मी मुद्दाम त्यांच्यासाठी राखून ठेवले होते. ऐन लग्नसराईत त्यांच्याही यंत्राचे कपॅसिटर फुगले. दुसरा कोणी असता तर रस्त्यावर येऊन भांडला असता. काका बोर्ड स्वतः घेऊन आले, अण्णांचे काम संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिले, आणि निघताना पुढच्या ३ वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावती मागितली नाही. पावती-पुस्तके त्यांच्याकडेच छापली जात, एवढा विनोद तेवढा केला.

कर्ज फिटले. डोळे साथ देईनासे झाले तेव्हा अण्णा भागीदारीतून बाहेर पडले. पुढची वर्षे बरी गेली.

मग समोरच्या गाळ्यात एक नवे दुकान आले. रंगीत दिवे, काचेची कॅबिनेटे आणि बाहेर फलक: ‘आय-सेव्हन, १६ जीबी, एसएसडी, गेमिंग’, आणि भाव असा की आमच्याकडे त्या पैशांत इंटेलचा खालच्या श्रेणीचा आय-थ्री प्रोसेसरसुद्धा बसत नसे. त्यातला आय-सेव्हन तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा, जुन्या कार्यालयीन यंत्रांतून काढलेला. बोर्ड एच६१ चिपसेटचा, नव्याने जुळवून नव्या खोक्यात घातलेला. आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला तोच. या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हे ग्राहकाला सांगण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. पण आय-सेव्हन हा शब्द ऐकला की पालकांची मान डोलते. आमच्याकडे येऊन लोक दीड-दोन तास बसत, कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी बारकाईने यादी करून घेत, तिचा मोबाइलवर फोटो काढत आणि रस्ता ओलांडून समोर जात. तेथे त्याच यादीतला एसएमपीएस बदलून भाव कमी केला जाई आणि आम्ही जुन्या वळणाचे व महागडे आहोत असेही वर ऐकवले जाई. ज्यांना आम्ही यादी दिली त्यांनीच आमच्याविषयी हे गावभर सांगावे, याची खंत शब्दांत मांडणे कठीण आहे.

म्हणून आता यादीचे ३०० रुपये आम्ही आधी घेतो आणि खरेदी झाली तर बिलातून वजा करतो. यादी मात्र तशीच होते जशी अण्णा करत. एसएमपीएस पहिला लिहायचा: १२ व्होल्टचा आकडा भक्कम असलेला, ८० प्लसचे (वीज कमी वाया घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेला, ४५० ते ५५० वॅटचा. उद्या ग्राफिक्स कार्ड घ्यायचे झाले तर बाकी काही बदलावे लागू नये, हा त्यामागचा हिशेब. ३५-४० हजारांत ज्याला पहिले यंत्र उभे करायचे आहे त्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड आजच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी विचारले नसले तरी सांगतो. २०२१ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे आणि सहा कोअर आहेत. अभ्यास, ऑटोकॅड आणि हलके खेळ यांना ते पुरते. पण हे ग्राफिक्स स्मृती रॅममधूनच उसनी घेते, त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही मिळून माहिती जास्त वेगाने पोहोचते, आणि चार खाचा असलेल्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. हे न केल्याने वेग किती पडतो ते खेळणाऱ्या मुलांनाच विचारावे.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचे अक्षर वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. डिप्लोमाचा एक विद्यार्थी मागे यंत्र उचलून आमच्याकडे आला. त्याने सारे स्वतः जोडले होते, आणि इतके नीट की मीही थांबून पाहिले: बोर्डखाली पितळी स्पेसर मोजून लावलेले, तारा मागून बांधलेल्या, थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. पंखे फिरत होते, पडदा मात्र काळा. समोरच्याने त्याला बोर्ड मेला आहे, दुसरा घ्या, असे सांगितले होते. मी प्रोसेसरचे खोके मागितले. त्यावर आय-३ १२१००एफ असे होते, आणि इंटेलच्या नावात ‘एफ’ असला की आत ग्राफिक्स नसते. आमच्या कपाटातले जुने कार्ड लावताच पडदा उजळला. बोर्ड धडधाकट होता, आणि ज्याने तो प्रोसेसर वेगळ्या कार्डाशिवाय विकला त्याला हे माहीत नसेल असे मानण्याइतका मी भोळा नाही.

जुना माल वाईटच असतो असेही नाही. मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड जुने घेऊन ते पैसे एसएसडीत, म्हणजे फाइली साठवणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये, घालावेत. जुना एसएमपीएस घेऊ नये, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरिअम या आभासी चलनाची, ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धत बंद झाल्यावर जी ग्राफिक्स कार्डे स्वस्तात बाजारात लोटली गेली ती समोर चालवून, पंखे फिरताना आणि तासभर ताण देऊन पाहिल्याखेरीज घेऊ नयेत. घरातल्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे; न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर आधी वायरमनला बोलवावे, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. आणि आमच्या नदीकाठच्या गावांत कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, हे २०१९ च्या महापुरानंतर वेगळे सांगायला नको.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की आमच्या कोटेशनवर आता ‘भाव आजपुरता’ असे छापावे लागते. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला त्याची झळ सांगलीतल्या पोरांना बसते आहे. ज्यांच्याकडे चांगली डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची, रॅम आधीच आहे त्यांना आम्ही एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच राहण्याचा सल्ला देतो, कारण त्यानंतरच्या एएम५ वर डीडीआर५शिवाय पर्याय नाही. समोरचा गाळा आता सीसीटीव्ही कॅमेरे विकतो, आणि त्याने विकलेली आय-सेव्हन यंत्रे एसएमपीएस जाऊन, बहुधा बोर्डलाही सोबत घेऊन, आमच्या टेबलावर येतात. ती आणणाऱ्यांकडून तपासणीचे पैसे आम्ही पूर्ण घेतो. आमच्या यादीबरहुकूम यंत्र उभे केलेल्याला मात्र ते माफ आहेत, मग त्याने भाग कोठूनही घेतलेले असोत.