जांभळी जीभ

"गुरांना चारा घातला," भाची वाचत होती. 'चार'मधला च लावून.

पडवीत फणसाचे गरे काढत बसलेली काकी मान वर न करता म्हणाली, "जीब दाताक लाव गो."

पोरीनं लावली. चारा बरोबर आला!

'चार' म्हणताना जीभ टाळूला टेकते, 'चारा' म्हणताना पुढे, दातांच्या मुळाशी. लिपीत मात्र दोन्हींना एकच अक्षर. चौथी शिकलेल्या काकीला हे कुणी सांगितलं?

भाषाशास्त्रज्ञ यासाठी कोळशाची पूड तेलात कालवून जिभेला फासतात, एकच शब्द म्हणायला लावतात आणि तोंडात आरसा धरून टाळूवर डाग कुठे उमटला ते बघतात. आता एमआरआयसुद्धा आहे म्हणा. पण वेंगुर्ल्यात जांभळं खाऊन भाचीची जीभ आयतीच रंगलेली! म्हटलं, बघूया. आणला हातआरसा.

कसलं काय. लाळेत सगळं पसरलं, टाळू सरसकट जांभळी. तेल का घालतात ते तेव्हा कळलं. काकी गरे सोडून हसत सुटली.

'जग फिरून ये' आणि 'सुखानं जग' यातले दोन ज तुम्हाला कुणी शिकवले, आठवतंय?