तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्याचं तेल आणि गोळीला न जुमानणारा कॅन्डिडा

“फ्लुकोनॅझोलच्या (बुरशीवरच्या औषधाच्या) गोळ्या झाल्या, तरी खाज आणि पांढरं जाणं थांबत नाही. ओव्याचं किंवा लवंगेचं तेल लावू का? त्याने ही बुरशी मरते म्हणे.” हा प्रश्न वरचेवर येतो. प्रयोगशाळेत मरते, हे खरं आहे. अडतं ते मात्रेपाशी.

कॅन्डिडा म्हणजे एक यीस्ट, एका पेशीची बुरशी. यीस्टच्या पेशीच्या पडद्याला एर्गोस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ लागतो आणि तो बनवणारं एक एन्झाइम फ्लुकोनॅझोल अडवतं. हट्टी कॅन्डिडा त्या एन्झाइमची घडण बदलतो, नाहीतर पडद्यातले पंप वाढवून आत आलेलं औषध बाहेर फेकतो. ओव्यातला थायमॉल आणि लवंगेतला युजेनॉल थेट पडद्यालाच भोकं पाडतात, त्यामुळे अशा यीस्टवरही ते चालतात. म्हणून संशोधकांना त्यांची ओढ आहे, आणि ती रास्त आहे.

पण आकडे पाहा. कॅन्डिडा अल्बिकन्स या नेहमीच्या जातीची वाढ फ्लुकोनॅझोलच्या २ मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून कमी मात्रेत थांबली तर तो औषधाला दबणारा, ८ किंवा त्याहून जास्त लागले तर दाद न देणारा. थायमॉलला बहुधा शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम लागतात आणि कच्च्या अर्काला तर कित्येकदा मिलीग्रॅममध्ये मोजावं लागतं. एवढी मात्रा रक्तात पोचत नाही. नाजूक त्वचेवर लावली, तर पडदा आपल्या पेशींनाही असतोच.

किती मात्रेत वाढ थांबते हे मोजणाऱ्या चाचणीतही आकडे सहज फसवे येतात. रीत अशी: ९६ खळग्यांची प्लेट, आरपीएमआय १६४० माध्यम, सामू ७, मिलीला ५०० ते २,५०० पेशी, ३५ अंशांवर २४ तास. अर्क डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात विरघळवायचा, पण शेवटी त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण जास्त झालं की ते स्वतःच यीस्टला रोखतं. सोबत नुसत्या द्रावकाचा, नुसत्या फ्लुकोनॅझोलचा आणि काहीच न घातलेल्या यीस्टचा खळगा हवाच.

तेलाची खोड वेगळी. ते पाण्यात मिसळत नाही. नीट मिसळलं नाही तर एका खळग्यात जास्त जातं, दुसऱ्यात कमी. शिवाय ते उडतं. औषध नसलेल्या शेजारच्या खळग्यातही वाढ दिसली नाही, तर वाफ तिथवर पोचली असं समजावं. प्लेट चिकटपट्टीने बंद करून, मधल्या ओळी मोकळ्या सोडून पुन्हा लावावी. लवंगेचं तेल दाट असलं की पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची प्लेटच धुरकट होते आणि यंत्र त्यालाच वाढ समजतं. हळदीच्या अर्काचा पिवळा रंगही असाच गोंधळ घालतो, म्हणून यीस्ट न घातलेला अर्काचा खळगा वजा करायला लागतो. यीस्ट पसरलेल्या आगरवर (जेलीसारख्या माध्यमावर) तेलाची कागदी चकती ठेवून भोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ मोजणं सोपं, पण तेल आगरमध्ये नीट पसरत नाही, तेव्हा लहान वर्तुळावरून तेल निकामी आहे असं ठरत नाही.

आमच्या मते खरी आशा औषध आणि वनस्पतीतला पदार्थ यांच्या जोडीत आहे. दारुहळदीतला बर्बेरीन फ्लुकोनॅझोलबरोबर दिला की हट्टी अल्बिकन्स प्रयोगशाळेत दबतो. पोटातून बर्बेरीन फारच थोडा शोषला जातो, त्यामुळे वाट वरून लावण्याच्या औषधाची. इथेही हिशेब जपून करावा. समजा दोन्ही एकत्र दिल्यावर वाढ थांबवायला लागणारी फ्लुकोनॅझोलची मात्रा मिलीला ६४ मायक्रोग्रॅमवरून ८ वर आली आणि अर्काची २०० वरून ५० वर. ८ भागिले ६४ म्हणजे ०.१२५, ५० भागिले २०० म्हणजे ०.२५, बेरीज ०.३७५. बेरीज ०.५ किंवा कमी आली की जोडी एकमेकांना बळ देते असं म्हणतात, म्हणजे कागदावर यश. पण ८ म्हणजे अजूनही दाद न देणाराच यीस्ट! बेरीज वाचून हुरळण्याआधी शेवटची मात्रा बघावी.

वनस्पतींकडून आडवाटेने औषध आलेलंही आहे. जुनिपरच्या पानांत राहणाऱ्या एका बुरशीत एन्फ्युमाफंजिन हे बुरशीनाशक द्रव्य सापडलं. त्यात रासायनिक फेरफार करून घडवलेल्या आयब्रेक्साफंजर्पला २०२१ मध्ये अमेरिकेत योनिमार्गाच्या कॅन्डिडासाठी मान्यता मिळाली. पानांचा काढा आणि ही गोळी यांच्यामध्ये शुद्धीकरण, रेणूची जुळणी आणि माणसांवरच्या चाचण्या आहेत.

तेव्हा ओवा फोडणीत घाला, तेल मात्र योनिमार्गात किंवा तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर लावू नका. भाजल्यासारखी आग होते आणि सोललेल्या जागी दुखणं वाढतं. डॉक्टरांना कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून तपासणी) करायला सांगा आणि अहवालात नुसतं ‘यीस्ट’ नको, यीस्टची जात लिहून मागा. कॅन्डिडा क्रुसी असेल तर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही. कॅन्डिडा ग्लॅब्राटा असेल तर डॉक्टर वेगळं औषध निवडतील. रक्तातली साखरही तपासून घ्या. ती चढलेली राहिली की नेमकं औषध देऊनही त्रास उलटतो. आणि पांढरं जाण्यामागे कधीकधी यीस्ट नसतंच, जिवाणू असतात. तिथे ना गोळी लागू पडते, ना ओवा.