नळीतील शांत पाणी केव्हा खवळते?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी मी एक नियम पाठ केला होता: रेनॉल्ड्स अंक २००० च्या खाली असेल तर नळीतील प्रवाह स्तरीय, म्हणजे थर एकमेकांत न मिसळता शांतपणे वाहणारा, आणि ४००० च्या वर गेला तर संक्षोभी, म्हणजे भोवऱ्यांनी घुसळलेला. खरा प्रश्न या दोन अंकांच्या मधल्या पट्ट्यात आहे, हे मला फार उशिरा कळले.

मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडली होती. वेग कमी असताना ती ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ राहिली आणि वेग वाढवल्यावर अचानक विस्कटून नळीभर पसरली. हा टप्पा वेग, व्यास आणि घनता यांच्या गुणाकाराला श्यानतेने, म्हणजे द्रवाच्या अंतर्गत घर्षणाने, भागून येणाऱ्या अंकावर, म्हणजेच रेनॉल्ड्स अंकावर ठरतो. १५ मिलिमीटरच्या नळीत २० अंश सेल्सिअसचे पाणी सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर वेगाने वाहू लागले की २००० हा अंक गाठला जातो. या वेगाने १५ लिटरची बादली भरायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल, म्हणजे आपल्या घरच्या नळ्यांतील पाणी बहुधा संक्षोभीच असते.

मात्र पाणी आधी पुरेसे स्थिर होऊ दिले आणि नळीचे तोंड कर्ण्यासारखे गुळगुळीत ठेवले, तर प्रवाह १२ हजारांच्या पुढेही स्तरीय राहू शकतो, हे रेनॉल्ड्स यांनाच दिसले होते. पुढे इतरांनी ही मर्यादा एक लाखापर्यंत नेली. सरळ गोल नळीतील स्तरीय प्रवाह अगदी सूक्ष्म व्यत्यय स्वतःच जिरवून टाकतो. तो मोडायला पुरेसा धक्का लागतो, आणि अंक जितका मोठा तितका लहान धक्का पुरतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते त्यापुढचे. २००० च्या आसपास संक्षोभ सगळ्या नळीत एकदम पसरत नाही. त्याचे सुटे पुंजके प्रवाहाबरोबर पुढे सरकतात, आणि त्यांतला प्रत्येक पुंजका काही काळाने एक तर विझतो किंवा दुभंगून आणखी एका पुंजक्याला जन्म देतो. या दोन्ही घटनांचे सरासरी काळ जिथे समसमान होतात, तो अंक सुमारे २०४० असल्याचे भौतिकशास्त्रज्ञ बियॉर्न होफ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले. त्या अंकापाशी हे काळ इतके लांबतात की प्रयोगशाळेतील कोणतीही नळी पुरत नाही, म्हणून अलीकडच्या आणि पलीकडच्या अंकांवर पुंजके पुन्हा पुन्हा मोजून दोन आलेखांचा छेदबिंदू काढावा लागला.