आधी परांची, मग छत

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना लागून आहेत आणि बहुतेकांच्या छतावर वेल्सच्या खाणीतली पातळ दगडी स्लेट आहे. गेल्या ऑक्टोबरात शेजाऱ्यांनी छत बदलायला काढलं. छतवाले येण्याआधी आली ती परांची बांधणारी टोळी. लोखंडी नळ्या उभ्या केल्या, वळचणीच्या उंचीवर फळ्या टाकल्या, त्यांना कठडा केला. फळ्यांच्या कडेला उभी पट्टीही ठोकली, म्हणजे हातातून स्लेट निसटली तरी रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यात पडायला नको. शिडीपाशी तपासणीची तारीख लिहिलेला हिरवा टॅग अडकवला आणि मगच छतवाले वर चढले. ही परांची दर ७ दिवसांनी पुन्हा तपासावी लागते. मध्ये वादळवारं झालं तर त्याआधीच.

हे फोटो मी इंदूरला मामांना पाठवले. सांवेर रोडला त्यांची छोटी शेड आहे, वर सिमेंटचे पत्रे. पावसाळा आला की गळती ठरलेली. मामा म्हणाले, "अगं, तिकडे कायदा कडक, म्हणून होतं सगळं. इथे कोण विचारतं?"

कायदा कडक आहे हे खरं. उंचीवरच्या कामाचे नियम ब्रिटनमध्ये २००५ साली आले. पण छताचं काम करायला इथे परवाना लागत नाही, हे तिकडे कोणाला माहीत नसतं. व्हॅन घ्या, तिच्यावर 'रूफर' लिहा, धंदा सुरू. दार वाजवून 'तुमची कौलं सरकलीत' असं सांगत म्हाताऱ्या माणसांकडून पैसे उकळणारे इथेही आहेत. मग चांगला ठेकेदार ओळखायचा कसा? इथे ते काम बऱ्याच अंशी धंदेवाल्यांच्या संघटना करतात, आणि मला लिहायचंय ते त्यांच्याविषयीच.

सगळ्यात मोठी संघटना म्हणजे नॅशनल फेडरेशन ऑफ रूफिंग कॉन्ट्रॅक्टर्स. नुसती वर्गणी भरून तिचं सभासद होता येत नाही. विमा आहे का, सुरक्षेची व्यवस्था काय, हे बघतात आणि केलेली कामं जाऊन तपासतात. तिची 'कॉम्पिटंट रूफर' नावाची योजना आहे. इंग्लंडमध्ये निम्म्याहून जास्त छत बदलायचं तर ते बांधकाम नियमांत बसतं की नाही, याची मंजुरी लागते. या योजनेतला ठेकेदार आपल्या कामाचं प्रमाणपत्र स्वतः देऊ शकतो, त्यामुळे घरमालकाचा वेगळा अर्ज आणि खेप वाचते. साहजिकच गिऱ्हाईक अशाच ठेकेदाराकडे वळतं आणि नीट काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो.

कारागिरांचंही तसंच. बांधकामावर खिशात कार्ड असतं: शिकाऊ लाल, कुशल निळं, त्याहून वरचं सोनेरी. वीस-पंचवीस वर्षं छतावर काढलेल्या, पण हातात कागद नसलेल्या माणसाला वर्गात बसवत नाहीत. परीक्षक कामाच्या जागी येऊन त्याचा हात बघतो आणि पात्रता देतो. आपल्याकडचे किती मिस्त्री अशा परीक्षेत सहज उतरतील!

मला यातली सर्वात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. परांचीला पैसे पडतात. एका ठेकेदाराने परांची धरून दर दिला, दुसऱ्याने शिडीवर भागवलं, तर काम दुसऱ्याला जातं. एकट्याची सचोटी तिथे टिकत नाही. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे एकत्र बसून 'सुरक्षेत याच्या खाली कोणी जायचं नाही' असं ठरवतात, तेव्हा कामगाराचा जीव सांभाळायचा खर्च सगळ्यांच्याच दरात धरला जातो.

सिमेंटच्या पत्र्यांचं उदाहरण घ्या. मामांच्या शेडवर मिस्त्री कसा चालतो ते मी लहानपणापासून बघत आलेय. अनवाणी, बोल्टच्या रांगेवर पाऊल टाकत, कारण खाली पर्लिन, म्हणजे पत्रे पेलणारी लोखंडी आडवी तुळई असते. इथलं सरकारी सुरक्षा खातं नेमकं हेच करू नका म्हणून बजावतं. तोल वीतभर गेला की पाय पर्लिन सोडून पत्र्यावर येतो, जुना पत्रा काही न कडकडता तुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर. उजेडासाठी बसवलेल्या पारदर्शक पत्र्यावर धूळ किंवा रंग बसला की तो वेगळा ओळखूसुद्धा येत नाही. ब्रिटनच्या बांधकाम व्यवसायातले सुमारे एक चतुर्थांश मृत्यू छतकामात होतात, आणि त्यांत असा पत्रा फुटून होणारे सगळ्यात जास्त.

म्हणून इथल्या छतकामाच्या संघटनांनी मिळून एक समिती नेमली आणि तिने चाचणी ठरवली. ४५ किलोची वाळूची गोणी १.२ मीटरवरून छतावर सोडायची. गोणी आरपार गेली तर ते छत ठिसूळ. पेलली, तर कितपत पेलली यावरून अ, ब, क असा दर्जा. ठिसूळ छतावर शक्यतो चढायचंच नाही. खालून काम करायचं, आणि चढावंच लागलं तर खाली जाळी, वर कठड्याच्या फळ्या.

आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेला १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी केलेला होता. एक मिस्त्री आणि दोन हेल्पर त्यात यायचे कुठून? पण इंदुरात शेडमालकांच्या संघटना आहेत. पत्र्याच्या कामाचं कोटेशन मागताना जाळी आणि फळ्यांचा खर्च त्यातच वेगळा लिहून द्या, असं सगळ्या सभासदांनी एकदम म्हटलं, तर जाळीवाला ठेकेदार महाग दिसणार नाही. मामांना हे पटलं. पुढच्या बैठकीत ते विषय काढणार आहेत.

त्यांच्या शेडचं काम मे महिन्यात निघेल. इंदूर, देवास किंवा पिथमपूर भागात खाली जाळी बांधून पत्रे बदलणारा कोणी ठेकेदार तुमच्या माहितीत असेल, तर मला जरूर कळवा.